कुंकू लावलेली काच

एका खंडेनवमीला मी तीन पीएच इलेक्ट्रोड राखेनं घासले, उन्हात वाळवले, त्यांना हळदकुंकू लावलं आणि ठार मारले. वर झेंडूचं एकेक फूलही वाहिलं. इतक्या मानपानानं कुणी यंत्राचा जीव घेतला असेल, असं मला वाटत नाही.

नाती विचारतात, "आजी, तू तर लॅबमध्ये होतीस ना?" होते की. गंगाखेडच्या बाजूला साखर कारखान्यात, रसाच्या लॅबमध्ये मदतनीस. बारावी सायन्सला केमिस्ट्रीत पास आणि बाकी सगळ्यात नापास, एवढ्या भांडवलावर मला ती नोकरी लागली होती. पण माझा तोरा असा, की बघणाऱ्याला वाटावं चीफ केमिस्ट माझ्या हाताखाली आहेत. चाळिशी गाठली होती, तीन लेकरांची आई होते, तरी अक्कल यायची वाट बघतच होते.

माझं काम सांगते. उसाचा रस घाण्यातून येतो तेव्हा गढूळ असतो. त्यात चुन्याचं पाणी सोडायचं, गंधकाचा धूर द्यायचा, म्हणजे गाळ खाली बसतो आणि वर सोनेरी रस राहतो. चुना कमी पडला तर रस आंबतो आणि साखर त्यातच विरून जाते. जास्त झाला तर रस लालभडक होतो आणि साखर मळकी निघते. मी दर थोड्या वेळानं रसात कागदाची पट्टी बुडवायची, तिचा रंग बघायचा आणि चुन्याच्या व्हॉल्व्हवर बसलेल्या माणसाला ओरडून सांगायचं, "दादा, अर्धा आटा कमी." तो व्हॉल्व्ह फिरवायचा. दोघांपैकी एकजण चहाला गेला की रसाचं नशीब.

अशात आमच्याकडे इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर म्हणून एक मुलगी आली. राणीसावरगावची. वडील शाळेत मास्तर, बौद्ध कुटुंब, घरात पुस्तकांना ट्रंका पुरत नव्हत्या म्हणे. अंगानं काडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत स्क्रू ड्रायव्हर आणि शेंगदाण्याचे लाडू. पहिल्या आठवड्यात तिनं एकाही यंत्राला हात लावला नाही. व्हॉल्व्हवाल्या दादाशेजारी स्टूल टाकून बसली आणि तो किती वेळा उठतो ते वहीत लिहीत राहिली. आम्हाला वाटलं, हिला काम येत नसावं.

मग ती माझ्याकडे वळली. "मावशी, तुमाला पट्टी बुडवायच्या आधीच कसं कळतं रस बिघडायलाय ते?"

"वासावरून," मी म्हणाले. "पट्टी साहेबांसाठी. मला नाकच पुरतं."

तिनं तेही लिहून घेतलं. माझं नाक वहीत गेलं म्हणून मी दोन दिवस घरी कुणाशी सरळ बोलले नाही.

पुढे एकदा मला सर्दी झाली. तिनं नेहमीसारखं विचारलं, "मावशी, रस कसाय?" मी म्हणाले, "आज माझं नाक बंद हाय. माझ्या सांगण्यावर जाऊ नका."

ती जागच्या जागी थांबली. लाडू तोंडात तसाच. मग म्हणाली, "मावशी, आपल्या कारखान्यात एवढे मीटर हायेत. त्यातला एक तरी कधी असं म्हणतो का?"

मला प्रश्नच कळला नाही. मीटर कशाला बोलेल? काटा दाखवतो, पुष्कळ झालं. पण तिचं दुखणं तेच होतं. मीटरला खराबी आली तरी तो आकडा दाखवतच राहतो, खोटा का होईना, छाती पुढे काढून. शिवाय आमच्या कारखान्यात एक मीटर जर्मन, एक जपानी, एक पुण्याचा. कुणाची बोली कुणाला येत नाही. रसाच्या मीटरला कळलं तरी तो चुन्याच्या व्हॉल्व्हला सांगणार कसा?

त्यावर तिनं जो डबा बनवला, त्याचं मला आजही नवल वाटतं. पत्र्याचा, भाकरीच्या डब्याएवढा. तो या सगळ्यांचा दुभाष्या. नवी वायर ओढायची तर अर्धा कारखाना खणावा लागला असता, म्हणून तिनं आहे त्याच जुन्या दोन तारांवर काम भागवलं. त्या तारांतून आधीपासून मीटरचा आकडा करंट होऊन जात होता. त्याच करंटवर तिनं बारीक शिट्टीसारखी खूण चढवली. मी म्हटलं, एका तारेतून दोन गोष्टी कशा जातील, घोळ होईल की.

तिनं मला खिडकीपाशी नेलं. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग होती आणि एक गाडीवान बसल्या जागी काहीतरी गात होता. "मावशी, त्या गाडीतून ऊस येतोय का न्हाई? आन् गाणं पण येतंय. गाण्यानं बैलाला वजन वाढलं का?"

मी पुस्तकात जे शिकले नाही, ते त्या खिडकीत शिकले. ऊस म्हणजे आकडा, आणि त्यावर गाडीवानाचं गाणं. गाण्यातून मीटर आपली तब्येत सांगणार: मी ठीक आहे, मी मळलोय, माझी काच तडकली. आणि डबा ते ऐकून चुन्याच्या व्हॉल्व्हला सांगणार, थोडा उघड, थोडा मिट. त्यासाठी तिनं व्हॉल्व्हला एक लहान मोटरही जोडली.

तीन वर्षं ती त्या डब्यापाठी होती. चीफ केमिस्ट साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं: "हंगामाच्या पहिल्या दिवशी एकदा लावू. चालला तर राहील. नाही चालला तर काढायचा, आणि परत हा विषय माझ्यापुढे आणायचा नाही." म्हणजे एकच दिवस. ती हसून "हो सर" म्हणाली, पण त्या महिन्यात तिच्या पिशवीतले लाडू तसेच परत जायला लागले.

हंगाम दसऱ्यानंतर. त्याआधी ती आईवडिलांबरोबर दीक्षाभूमीला निघाली, दर वर्षी जायची तशी. जाताना पीएच इलेक्ट्रोड, म्हणजे काचेच्या तीन कांड्या, खाऱ्या पाण्याच्या बाटलीत बुडवून माझ्या हवाली केल्या. बोटाएवढी कांडी, टोकाला बुडबुड्यासारखी पातळ काच. ती रसात बुडते आणि आंबट का चुनखट ते सांगते.

"मावशी, जिम्मा तुमचा. ह्या कोरड्या पडू देऊ नका."

"जा तू खुशाल," मी म्हणाले.

ती गेली आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पुजतात. वर्कशॉपमध्ये पाने, हातोड्या, लेथ मशीन, सगळं तेलपाणी करून मांडलेलं. लॅबची पूजा माझ्याकडे. मी तराजू पुसला, काचेची नळकांडी धुतली, आणि नजर गेली त्या बाटलीकडे. पाणी गढूळ, कांड्यांना पांढरी खरपुडी चढलेली. ते मीठ होतं, खाऱ्या पाण्याचं. मला वाटलं, शी, पोरीनं तीन वर्षं जीव टाकला आणि तिची हत्यारं अशी घाणेरडी पुजायची? मग मी राख आणली. चांगली चाळलेली, गोवऱ्यांची. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

कोरड्या पडू देऊ नका, हे मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण मनात म्हटलं, देवापुढे एक दिवस काय होतंय. एक दिवसाचे तीन झाले, कारण दसऱ्याचं फूल लगेच काढत नाहीत. चौथ्या दिवशी कांड्या पुन्हा बाटलीत ठेवल्या, आणि ते गढूळ खारं पाणी फेकून देऊन चांगलं फिल्टरचं घातलं. त्या काचेला खारंच पाणी लागतं, हे मला कुठे माहीत; म्हणजे त्यांत धुगधुगी राहिली असेल तर तीही घालवली.

त्या वर्षी ऊस लवकर आला म्हणून मोळी टाकायचा, म्हणजे हंगाम सुरू करायचा दिवस अलीकडे ओढला. ती परभणीला गाडीतून उतरून घरी न जाता थेट कारखान्यात आली. बाटली उचलून म्हणाली, "मावशी, लखलखीत ठेवल्यात की." मी पदर सावरला. इतकी खूश होते मी.

"सर, दोन तास द्या, एकदा तपासून घेते," ती साहेबांना म्हणाली.

"मॅडम, रस थांबत नसतो. लावायचं तर आत्ता."

तिनं लावलं. घाण्याच्या गव्हाणीत उसाची मोळी पडली, नारळ फुटला, घाणा फिरला, रस आला. व्हॉल्व्हवरच्या दादाला पहिल्यांदाच हाताची घडी घालून उभं राहायला सांगितलं होतं. त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना. मग मला वास आला. पट्टी लागलीच नाही. चुना जास्त झाला होता. काचेच्या खिडकीतून दिसणारा रस बघता बघता लाल झाला, आणि डबा व्हॉल्व्ह उघडतच होता.

"हे तुमचं तीन वर्षांचं काम," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

ती डब्यापाशी वाकली. त्याच्यावर चार ओळींचा लहानसा पडदा होता. आमच्या माणसांना वाचता यावं म्हणून तिनं त्यावर अक्षरं मराठीत आणली होती. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. तिथे लिहिलं होतं: "माझ्या सांगण्यावर जाऊ नका. काच सुकली आहे."

माझेच शब्द. सर्दीच्या दिवसाचे.

"व्वा," साहेब म्हणाले. "आता डबा आपलं खापर काचेवर फोडायलाही शिकला."

तिनं डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि म्हणाली, "न्हाई सर. काच सुकली न्हाई. मावशीकडं होती. त्यांनी भिजत ठेवली होती. मग डबाच चुकला असेल. बंद करते."

तिनं बटणाकडे हात नेला. तीन वर्षांच्या डब्यापेक्षा माझ्यावर तिचा भरवसा जास्त होता. असा भरवसा कुणी ठेवला की पळायला जागा राहत नाही. मी तिचा हात धरला.

"डबा खरं बोलायलाय," मी म्हणाले. "मी ह्या कांड्या राखेनं घासल्या. तीन दिवस पाटावर ठेवल्या, कोरड्या. हळदकुंकू लावलं."

व्हॉल्व्हवरचा दादा म्हणाला, "फूल पण वाहिलं का?"

"वाहिलं," मी म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पडद्यावरच्या ओळी त्यांनी पहिल्यांदा नीट वाचल्या, बोट फिरवत, लहान लेकरागत. "म्हणजे," ते हळूच म्हणाले, "आकडा चुकलाय हे ह्याला स्वतःला कळलं होतं."

"कळलं होतं सर," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हसतही होती. "पण कळल्यावर व्हॉल्व्ह जागच्या जागी धरून ठेवायचा, हे मी शिकवलं न्हाई त्याला. ती चूक माझी. आज शिकवते."

माझ्या कबुलीवर तिनं आपलीही एक जोडली. मला एकटीला उभं राहू दिलं नाही. तिच्या हुशारीचं कौतुक मी पुष्कळ ऐकलंय आणि सांगितलंयही, पण मला ती कळली ती तिथे.

पिशवीत, लाडवांच्या खाली, चौथी कांडी होती. रबरी टोपणात, ओली. घरून कुठेही जाताना एक जवळ असावी म्हणून ती नागपूरला नेऊन आणलेली. तिनं ती लावली. दुपार कलायच्या आत रस सोनेरी, नितळ झाला. व्हॉल्व्ह आपोआप केसभर इकडे, केसभर तिकडे हलत होता आणि दादा त्याच्यासमोर स्टूल टाकून बसला होता, नातवाला चालताना बघावं तसा. साहेबांनी एक पट्टी मागितली, स्वतः बुडवली, रंग बघितला आणि ती पट्टी खिशात ठेवली.

डबा राहिला. दोन हंगामांत तो घाण्यावर, बॉयलरवर, साखर आटवायच्या पॅनवर सगळीकडे बसला, आणि मीटर खोटं बोलू लागला की व्हॉल्व्हला जागेवर धरायचंही शिकला. पुढे दुसऱ्या कारखान्यांचे लोक बघायला येऊ लागले. आता ती मोठी झाली, तिच्या नावावर पेटंटं आहेत, आणि तिच्या डब्याचं काम नखाएवढ्या चिपवर होतं म्हणे. मागच्या हंगामात मला कारखान्यात बोलावलं होतं. आताची पोरं मोबाईलवर रसाचा आकडा बघतात. मी एकाला विचारलं, मीटर आजारी पडला तर कळतं का? त्यानं पडदा पुढे केला. तीच ओळ होती: माझ्या सांगण्यावर जाऊ नका. हे कुणाचे शब्द, ते त्याला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. नाहक तोरा पुन्हा चढला असता.

पण त्या पहिल्या दिवसाचं एक राहिलं. पाळी सुटल्यावर गेटबाहेर एसटीची वाट बघत आम्ही दोघी उभ्या होतो. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. तिनं पिशवीतून लाडू काढला, अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली:

"मावशी, पुढच्या खंडेनवमीला माझ्या डब्याला पण कुंकू लावा, मी काय म्हणणार न्हाई. पण काचेला हात लावू नका. आन् मी कुठंबी गेलेली असू द्या, मला फोन करून सांगायचं, काय काय धुतलंत ते."