लातूर ते बिलोली, पलंगावरून

माझे सासरे एसटीतून निवृत्त झाले ते फक्त कागदावर. तीस वर्षं कंडक्टरकी करून घरी बसले आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या बाहेरच्या खोलीतल्या लोखंडी पलंगावर उभे राहिले. खिडकीच्या गजाला सुतळीनं पितळी घंटा बांधली होती, ती त्यांनी दोनदा ओढली आणि हाळी दिली, "अहमदपूर, नायगाव, बिलोली! चला, कोण हाय?" माझी पाच वर्षांची सुजाता आणि तीन वर्षांचा राहुल उशा घेऊन वर चढले. उशा म्हणजे सामान. मी भाजीची पिशवी घेऊन दारात उभी होते. "बाई, चढा तुम्ही बी," ते म्हणाले, "मागं लई जागा हाय." मला स्वयंपाक होता. मला नेहमीच काहीतरी असायचं.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. मामांच्या गाडीचे नियम कडक होते. तिकिटं जुन्या कॅलेंडरची, त्यांना मामा दातानं भोक पाडायचे. विनातिकीट सापडलेल्यानं बकरीचा आवाज काढायचा. राहुल मुद्दाम तिकीट फाडून टाकायचा आणि तासभर बें बें करत बसायचा. गल्लीतली पोरं यायची, पलंगाच्या पाट्या वाकायच्या. पण जागा नाही म्हणून मामांनी कुणाला खाली ठेवलं नाही. "गाडी फुल म्हणणारा कंडक्टर मी न्हाई. उन्हात हात करून उभं ऱ्हायलेलं माणूस सोडून जायाचं? साहेबाच्या शिव्या खाल्ल्या, पर घेतलं सगळ्यायला." वयानं साठीला टेकलेला हा माणूस कोपऱ्यावरचं सीट कुणाचं यावरून तीन वर्षांच्या नातवाशी खरोखरीचं भांडायचा आणि रुसायचासुद्धा.

मग भूकंप झाला. किल्लारीकडं गावंच्या गावं गेली. लातुरात आमच्या भिंतीला तडे गेले, तेवढ्यावर निभावलं. पुष्कळ दिवस आम्ही समोरच्या मैदानात ताडपत्रीखाली काढले. घरात परत आलो, तर सुजाता काही उंबरा ओलांडेना. ह्यांनी चॉकलेटं दाखवली, मी दोन धपाटे घातले. मामा एकटेच पलंगावर जाऊन बसले आणि पलंग कुरकुरेपर्यंत हलवायला लागले. "हालून ऱ्हायलंय बघ, सुजे. हालतंय म्हंजे गाडी चालू हाय. बंद पडलेली गाडी हालत न्हाई." पोरगी उंबऱ्यावर थोडा वेळ थांबली आणि पळत जाऊन त्यांच्या मांडीत बसली. "बाई, तुम्ही बी या," मामा म्हणाले. त्या दिवशी मी चढले. मीसुद्धा भ्यालेली होते आणि तोवर ते कुणी विचारलं नव्हतं. पुढं कितीतरी दिवस जमीन थरथरली, फळीवरची भांडी वाजली की सुजाता ओरडायची, "डबल!" डबल म्हणजे दोन घंट्या, गाडी सोडा.

तडे बुजवले, रंग दिला. गावाला मात्र दुसरंच वारं लागलं. गल्लीगल्लीत शिकवण्या निघाल्या, चौकाचौकात पोरांचे फोटो आणि त्यांचे टक्के झळकायला लागले. बारावीचं पोर म्हणजे घरात बाळंतीण असल्यासारखं झालं. टीव्हीची वायर काढायची, पाहुणे बंद, फोडणीसुद्धा हळू द्यायची. सुजाताला दहावीला चांगले मार्क पडले आणि मी तिला डॉक्टर करायचं ठरवलं. मी ठरवलं, असंच लिहिते. तिला विचारल्याचं मला आठवत नाही. बाहेरच्या खोलीत तिचं टेबल आलं, पलंग भंगारवाल्याकडं गेला.

एका दुपारी मी बाजारातून आले, तर टेबल भिंतीला सरकवलेलं, चार खुर्च्या एकामागे एक लावलेल्या. सतरा वर्षांची सुजाता मागच्या खुर्चीवर बसून बकरीचा आवाज काढत होती आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दुसऱ्या दिवशी तिची टेस्ट होती. मी पिशवी खाली आपटली. "मामा, तुमचं वय काय, तिचं काय? तुमच्या पोरखेळापायी माझ्या पोरीचं वाटोळं होईल."

मामांनी शांतपणे सुतळी सोडली, घंटेला गुंडाळली. "बराबर हाय बाई तुमचं. मी जातो थोरल्याकडं. बारावी झाली की या न्यायला." थोरले दीर अहमदपूरजवळ गावी राहायचे. राहा असं मी म्हटलं नाही. उलट त्यांची पिशवी भरून दिली, वर डबाभर लाडू दिले.

सुजातानं एकच हट्ट धरला, पेपरला निघताना आजोबांना फोन. इंग्रजीच्या दिवशी लावला. तिकडून मामांनी फोनजवळ दोनदा घंटा वाजवली. "डबल दिलीय, सुजे. सुटा."

फिजिक्सच्या आदल्या दिवशी मामा गेले.

ह्यांना मी एकटंच पाठवलं. सुजाताला आणि राहुलला सांगितलं, बाबांना साहेबांनी नांदेडला धाडलंय. माती देऊन हे परतले, बाहेरच अंघोळ करून आत आले आणि तिच्याशेजारी बसून जेवले. पुण्यानुमोदनाचा विधी परीक्षेनंतर ठेवू, असं मीच दिरांना कळवलं. आमच्याकडं तेव्हा सगळे असंच करायचे. ओळखीतल्या दोघीतिघींनी तर माझं कौतुक केलं. फिजिक्सच्या सकाळी तिनं फोन मागितला, मी म्हटलं लाइन बंद आहे. केमिस्ट्रीला म्हटलं, आजोबा शेतात गेलेत. गणिताला तिनं विचारायच्या आधीच मी म्हणाले, "आताच आला होता त्यांचा फोन, तू अंघोळीला होतीस. डबल दिलीय म्हणाले." तिचा चेहरा उजळला. तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बायोलॉजीलाही तेच सांगितलं.

शेवटचा पेपर देऊन ती आली ती, "आजोबांना आणायला जाऊ," म्हणतच. मग सांगितलं. ती रडली नाही. एवढंच विचारलं, "गणिताच्या दिवशी डबल कुणी दिली होती?"

ती डॉक्टर झाली. चौकात तिचाही फोटो लागला. आता पुण्यात असते, वर्षातून एकदा येते, माझं बीपी तपासते, गोळ्या लिहून देते. माझ्याशी तिचं भांडण नाही. भांडण असतं तर बरं झालं असतं.

मागच्या दिवाळीत चार वर्षांच्या लेकीला घेऊन आली. दुपारी मला घंटा ऐकू आली. दिरांकडून मामांची घंटा तिनं कधी मागून घेतली, मला ठाऊक नाही. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या एकामागे एक लावलेल्या. पहिल्या खुर्चीवर नात उशी घेऊन बसलेली, सुजाता पुढं उभी राहून म्हणत होती, "अहमदपूर, नायगाव, बिलोली." हुबेहूब मामांचा सूर. गुडघे दुखतात माझे, तरी मी घाईनं आत गेले आणि मागच्या खुर्चीवर हात ठेवला.

"गाडी फुल आहे, आई," सुजाता म्हणाली. आवाज चढवला नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. तिनं दोनदा घंटा वाजवली.

तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी आत जाऊन चहा ठेवला.