न वाचलेल्या कादंबरीचं पारायण

हसायचं असेल तर खुशाल हसा, फक्त चहा सांडू नका. म्हैसूरला आमच्या घरी मी एका जुन्या मराठी कादंबरीवर दिवसभराची चर्चा ठेवली. कादंबरीचं नाव विचारू नका. सांगितलं की तुम्ही पुढचे प्रश्न विचारणार, आणि प्रश्नांचा मी धसकाच घेतलाय.

कारण ती मी वाचलीच नव्हती. कॉलेजात गाईडवर पास झाले होते! पण वीस वर्षं ‘माझी सर्वात आवडती’ म्हणून तिच्यावर इतकं बोलले, की वाचल्यासारखीच वाटायची. आमंत्रणात प्रश्नही टाकला, ‘नायिकेनं शेवटी विहिरीत उडी का घेतली?’ खाली लिहिलं, ‘पुस्तक पूर्ण झाल्यावर जेवण.’ म्हणजे चर्चा पूर्ण झाल्यावर, असं माझ्या मनात.

म्हैसुरातल्याच हेब्बाळ भागातल्या माझ्या ऑफिसातले तिघे येणार होते आणि माझे ब्लाऊज शिवणाऱ्या रुक्माक्का; त्यांना आमंत्रण मी फोनवर वाचून दाखवलं होतं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात, घरी मराठी, तीही निम्मी कन्नड. मराठी पुस्तक म्हणजे त्यांच्याकडे पोथी. हे मला आधी सुचायला नको होतं का?

नऊला दार उघडलं, तर अक्का आणि त्यांच्या दोन जावा. न्हाऊन, नव्या साड्या नेसून, उपाशी. शिवणाचं दुकान बंद ठेवून आलेल्या. त्यांनी टीव्हीसमोरचं टेबल पुसलं, त्यावर माझी कादंबरी ठेवली आणि फुलं वाहिली. मी घाईघाईनं म्हटलं, आज नुसती चर्चा आहे, आधी इडली खाऊन घ्या.

“न वाचता सुम्ने, उगीच काय बोलायचं मेडम?” अक्का म्हणाल्या. “आम्हाला मराठी अक्षर येत नाही. मामंजी गेले, तेव्हापासून घरात कुणी वाचून दाखवलं नाही. तुम्ही वाचा. पुरं होईपर्यंत आम्ही पाणी तेवढं घेतो.”

दीडशे पानं होती. ऑफिसातल्या तिघांनी सुटकेचा निःश्वास टाकला, म्हणजे त्यांचीही पाटी कोरीच होती. मी वाचायला लागले.

तिसऱ्या प्रकरणानंतर मी घड्याळ बघायचं विसरले. खरंच सांगते, इतकी सुंदर कादंबरी मी वीस वर्षं नुसती मिरवत होते, याची मला मनापासून लाज वाटली. पण लाजेला तरी निवांतपणा कुठला! नायिका बाई पाण्याला निघाली, की अक्का माझा गुडघा धरायच्या. “आता उडी?” मी जाणकारासारखं म्हणायचे, अजून नाही. असं अकरा वेळा झालं.

चार वाजता शेवटचं पान आलं. नायिकेनं घागर भरली, घराला कुलूप लावलं आणि बहिणीच्या गावाची वाट धरली. संपलं. मी पान उलटून पाहिलं, पुठ्ठा लागला.

मग ऑफिसातला महेश हळूच म्हणाला, ही वेगळी आवृत्ती असेल. मी ते लगेच उचललं. होच मुळी, आमच्या वेळची आवृत्ती निराळी होती! अक्का स्वयंपाकघरात गेल्या आणि वाढलेलं ताट घेऊन आल्या. त्यांच्या मामंजींची रीत होती, पोथी पहिल्यांदा पुरी वाचणाऱ्याला पहिलं ताट.

त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं.

मी म्हटलं, “अक्का, मी तर वीस वर्षांपूर्वीच…”

“खा मेडम,” अक्का मायेनं म्हणाल्या. “पहिल्यांदा वाचलं की भूक लागतेच.”

मी दोनदा भात घेतला.