आत्याबाई पाठ फिरवायला शिकल्या

अडलेल्या बैलासमोर आत्याबाई खाली बसत. डोंगरकड्याच्या रस्त्यावर, भर बाजाराच्या दिवशी शिकाऊ गोऱ्ह्याने मध्येच बैठक मारली, तर बाकीचे लोक त्याची शेपटी पिरगळतात, आईबहिणीवरून शिव्या घालतात, काठीच्या टोकाचा खिळा टोचतात. आत्याबाई कासरा मांडीखाली दाबायच्या, कमरेची चंची काढायच्या आणि त्याच्या नाकासमोर मांडी घालून पान लावायला घ्यायच्या. मागे काळीपिवळ्या जीपा साचायच्या. ड्रायव्हर भोंगे वाजवून थकायचे. "आजी, उठा की आता!" असं कुणी ओरडलं, तर त्या मान न वळवता सांगायच्या, "तो उठला की मी उठते. घाई आसंल तर तू उचल त्याला." शेवटी गोऱ्हाच कंटाळून उठायचा. मग त्या लुगडं झटकून त्याच्यापुढे चालू लागायच्या, जसं काही दोघं मिळून विसाव्याला थांबले होते.

या माझ्या आत्तेसासू, माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. गाव त्यांना 'बैलांची मास्तरीण' म्हणायचं. काही जण कौतुकाने म्हणायचे, बरेच जण कुचेष्टेने. बाईने जुवाला हात लावू नये असं मानणारं ते गाव, आणि ही बाई आसपासच्या गावांतले लाल कंधारी गोऱ्हे औताला शिकवून देत होती. लोक नाकं मुरडायचे आणि गोऱ्हे मात्र मुकाट्याने आणून आमच्या गोठ्यात बांधायचे.

त्यांचा नवरा बैलांना ज्या काठीने मारायचा त्याच काठीने त्यांनाही मारायचा. एका सकाळी त्यांनी ती काठी चुलीत घातली, तिच्यावर चहा केला, तो सावकाश प्यायल्या आणि माहेरी चालत आल्या. पुन्हा कधी गेल्या नाहीत. त्यांच्या गोठ्यात काठी नव्हती ती त्यामुळे. "पाठ मी जल्मात एकदाच दावली," त्या म्हणायच्या, "ती नवऱ्याला. आता माणूस असो नाहीतर जनावर, पाठ दावायची न्हाई. आपुन हटतो हे एकदा त्याला कळलं की संपलं."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, ऐन उन्हाळ्यात, मी हिंगोलीहून लग्न होऊन या घरात आले. येताना बरोबर पिंजरा होता. पिंजऱ्यात शहाण्या. आंब्याच्या ढोलीतून पडलेलं हे पिल्लू मी भिजवलेली डाळ भरवून वाढवलं होतं. तेव्हा घरोघर पोपट पाळत. त्याला कायद्याने बंदी आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. हुंड्यात काय आणलं म्हणून शेजारणी विचारायच्या आणि सासूबाई कपाळाला हात लावून म्हणायच्या, "बोंबलणारं पाखरू."

खोटं नव्हतं ते. माझ्या माहेरी गुणी म्हणून नाव असलेला शहाण्या इथे आल्यापासून किंचाळायला लागला. कारण असो नसो, पहाटेपासून सुरू. छातीवरची पिसं उपटून त्याने स्वतःला ओरबाडून घेतलं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, अंगणात बाजेवर झोपायचे. ते उशीवरूनच गर्जायचे, "गप रे!" तो आणखी मोठ्याने ओरडायचा. मामंजी त्याहून मोठ्याने. नव्या नवरीला लाजेने मरायची वेळ यायची. माझ्यामुळे सगळं घर उठत होतं.

एका सकाळी मामंजींनी फर्मान काढलं, "पोळ्यापर्यंत हे पाखरू गप झालं तर ठीक. न्हाईतर मी त्याला सोडून देणार." हातावर वाढलेलं पाखरू बाहेर किती टिकणार? मांजराने धरलं नसतं तर कावळ्यांनी टोचलं असतं. मी पदराआड रडत होते. आत्याबाई गोऱ्ह्याला पाणी दाखवून येत होत्या. बादली ठेवून त्या म्हणाल्या, "गणपत, या घरात आलेलं जनावर वळणाला आलं न्हाई असं कधी झालंय का? पोळ्यापर्यंत न्हाई सुधरलं तर पिंजरा घेऊन मी बी निघीन. मंग तू अन् तुझी बाज निवांत झोपा."

ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. भावाच्या घरात राहायचं त्यांच्याकडे एकच बळ होतं, ते म्हणजे त्यांच्या हाताला कुठलंही जनावर वळतं हे. ते बळ त्यांनी एका परक्या पोरीच्या पोपटासाठी पणाला लावलं. मी त्यांना जेमतेम महिनाभर ओळखत होते.

त्यांनी शहाण्याला गोऱ्ह्यासारखंच हाताळलं. तो ओरडला की हातातलं काम टाकून जायच्या, पिंजऱ्यासमोर उभ्या राहायच्या आणि त्याच्या डोळ्याला डोळा लावून म्हणायच्या, "गप." तो गप होईपर्यंत हलायच्या नाहीत. कधी भाकरी करपायची, कधी चहा उतू जायचा. शहाण्या काही वेळाने गप व्हायचा आणि त्या जिंकल्याच्या थाटात परत यायच्या. पाठ वळली की तो दुप्पट जोराने सुरू. एकदा त्याने त्यांचं बोट रक्त येईपर्यंत फोडलं, तरी त्यांनी हात मागे घेतला नाही. आषाढ संपत आला तेव्हा गावात चेष्टा सुरू झाली होती. मास्तरणीला पोपटानं पाणी पाजलं म्हणे.

एका सोमवारी त्यांनी पिंजऱ्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि मला म्हणाल्या, "चप्पल घाल. औंढ्याला जाऊ. देवाला न्हाई, पोपटवाल्याला."

मामंजींनी ते ऐकलं आणि हसले. "आक्का, एवढे बैल शिकवले अन् आता रस्त्यावरच्या पोपटवाल्याला विचारायला चालली?"

"व्हय. मला जे येत न्हाई ते मी इचारते," आत्याबाई म्हणाल्या. "तुला येत न्हाई ते तू कुणाला इचारतो, सांग?"

आम्ही जीपा बदलत औंढ्याला पोहोचलो. सगळी वाट शहाण्या फडक्याआडून कोकलत होता. एक प्रवासी वैतागून म्हणाला, "बाई, याला टपावर ठेवा की." आत्याबाई म्हणाल्या, "तुमी बसा टपावर. त्याचं भाडं दिलंय."

नागनाथाच्या देवळाबाहेर, फुलांच्या दुकानांच्या रांगेत तो बसलेला असायचा. पुढ्यात पाकिटांची चळत आणि छोट्या पिंजऱ्यात भविष्य सांगणारा पोपट. मोठा ऐटबाज माणूस. मिशीला तेल, बोटांत अंगठ्या. आम्हाला पाहताच त्याने पिंजऱ्याचं दार उघडलं. "या मावशी, नशीब पाहू."

"नशीब ठेव तुझ्यापाशी. हा काहून बोंबलतो ते सांग."

त्याने फडकं काढलं. शहाण्याने आभाळ डोक्यावर घेतलं. आत्याबाई सवयीने पुढे वाकल्या, डोळ्याला डोळा लावला आणि म्हणाल्या, "गप." पोपटवाला पोट धरून हसायला लागला. "अजून एकदा करा, मावशी." त्यांनी रागाने पुन्हा केलं. आता तो हसायचा थांबला.

"तुमी तर त्याला शिकवून राहिल्या," तो म्हणाला. "अन् एकदम बराबर शिकवलं. वरडलं की मावशी येते, हे त्याला पक्कं पाठ झालंय. तुमी काय पाळता?"

"बैल शिकवते."

"मंग बराबर हाय. बैलाला तुमी नको असता, म्हणून त्याच्यासमोरून हटायचं न्हाई. याला तुमीच पाहिजे. एकटं पडलंय ते. तो वरडला की पाठ फिरवा. हळू बोलला की लगेच वळा, त्याच टायमाला, हातात शेंगदाणा घेऊन. अन् घरातल्या सगळ्यांनी. एक जण जरी चुकला तरी सगळी तकलीफ वाया."

आत्याबाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. कुणी थोबाडीत मारावी तसा झाला होता. पाठ फिरवा, हे त्यांना सांगणारा हा पहिलाच माणूस. मग पोपटवाल्याने आपला शहाणपणा पुढे चालवला, "अन् पंख कापून टाका, म्हणजे लवकर नरम येतो." तेव्हा मात्र त्या ताडकन म्हणाल्या, "नाक मी बी टोचते, वेसण घालते. पण पाय न्हाई तोडत. पाठीचं पटलं, ते घेते. पंखाचं तुझ्यापाशी ठेव." एवढं बोलून पिंजरा उचलून त्या निघाल्या. तो मागून हात जोडत होता, मनापासून की चेष्टेने ते कळलं नाही.

दुसऱ्या पहाटे शहाण्याने तोंड उघडलं. आत्याबाई पिंजऱ्याकडे पाठ करून अंगणात वाकळ शिवायला बसल्या. तो अख्खी गल्ली उठेल असा ओरडला, पहिल्यापेक्षा जास्त. त्यांचे खांदे ताठरले होते, सुई बोटात शिरत होती. बैलाच्या लाथेने न वाकलेली ती बाई त्या दिवशी पाखराकडे पाठ करून बसताना घामाघूम झाली. मला त्यांचं फार वाईट वाटलं आणि त्याच वेळी त्या मला फार आवडल्या.

तेवढ्यात बाजेवरून मामंजी गर्जले, "गप रे!" शहाण्या आनंदाने किंचाळला. सगळी मेहनत पाण्यात.

आत्याबाई उठल्या आणि बाजेपाशी गेल्या. "गणपत, पाखराला काय शिकवायचं ते मी पाहते. आधी तू तोंड बंद ठेव."

सासूबाईंच्या हातातली भाकरी हातातच राहिली. या घरात मामंजींना कुणी असं बोललेलं मी तरी ऐकलं नव्हतं. "माझ्या घरात मलाच गप बसवती?" ते ओरडले.

आत्याबाईंनी त्यांच्याकडेही पाठ फिरवली आणि परत येऊन सुईत दोरा ओवायला लागल्या.

पुढचे दिवस मी ते बघत होते. मामंजी ओरडले की आत्याबाईंची पाठ. चहा मागायला ओरडले, पाठ. बैलांवरून ओरडले, पाठ. आणि चुकून कधी साध्या आवाजात "आक्का, चहा हाय का?" म्हणाले, की त्या तिथल्या तिथे वळायच्या, चहाबरोबर गुळाचा खडासुद्धा द्यायच्या. सासूबाईंनी आधी नुसतं पाहिलं, मग हळूच त्याही करू लागल्या. मला पहिल्यांदा वाटलं, योगायोग असेल. मग एकदा आत्याबाईंनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि मी पळत जाऊन स्वयंपाकघरात हसून घेतलं.

खांदेमळणीच्या सकाळी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, मी जागी झाले ती शांततेनेच. घाईने बाहेर आले. शहाण्या दांडीवर बसून बारीक शीळ घालत होता, छातीवर नवी हिरवी पिसं फुटली होती. बाजेवर बसलेले मामंजी त्याला हळूच विचारत होते, "काय शहाण्या, उठला का?" आत्याबाई गोऱ्ह्यांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळत होत्या. दुसऱ्या दिवशी गावातले पुरुष तोंडं वाकडी करत असताना आमच्या बैलजोडीचा कासरा धरून त्या तोरणाखालून गेल्या, त्या अशा काही ताठ चालल्या की शिंगांवरच्या गोंड्यांकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

त्यांनी मला वेगळं असं काही शिकवलं नाही. पण काही वर्षांनी अंगणवाडीत काम मिळालं तेव्हा मामंजी कडाडले, "आमच्या घरच्या सुना बाहेर जात न्हाईत!" मी पाठ फिरवून कणीक मळत राहिले. दिवसामागून दिवस गेले. मग एका संध्याकाळी दारातून अगदी हळू आवाज आला, "सूनबाई, तिथं किती वाजता जावं लागतं?" मी लगेच वळले, चहा दिला आणि वेळ सांगितली. ओट्यावर पान कुटणाऱ्या आत्याबाई खोकल्याचं निमित्त करून हसत होत्या.

पुढे ट्रॅक्टर आले. शिकायला येणारे गोऱ्हे कमी होत गेले. लोक म्हणायचे, मास्तरणीची शाळा बंद पडली. त्या म्हणायच्या, "ट्रॅक्टर रुसला तर त्याच्यासमोर बसून पाहा म्हणावं." शेवटची एक जोडी त्यांनी सत्तरीत शिकवली. तिच्या पाठीवर हात फिरवत त्यांनी सगळ्यांच्या देखत सांगून ठेवलं होतं, "मला याच बैलांच्या गाडीतनं न्या. अन् कासरा या पोरीच्या हाती द्या."

त्या गेल्या ती हिवाळ्यातली सकाळ होती. गाडीत त्यांना ठेवलं, तशी मी पुढे होऊन दोन्ही कासरे हातात घेतले. मागे गलका उठला. बायांनी मसणवाटेत यायचं न्हाई, रीत हाय का न्हाई, शिकली म्हणून काय झालं. पिंजऱ्यात म्हातारा शहाण्याही गर्दी बघून कोकलायला लागला. त्याच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही, घराला सवयच होती. आणि सगळ्यांत मोठा आवाज मामंजींचा, खूप वर्षांनी पुन्हा तसाच, "सूनबाई! माघारी फीर!"

मी मागे वळले नाही. बैलांना चुचकारलं आणि चालत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मागून आवाज येत होते, गाव संपेपर्यंत येत होते. मला राग आला होता त्या सगळ्यांचा, जिने त्यांचे बैल माणसाळवले तिच्यामागून चालतानाही त्यांना ओरडणंच सुचत होतं याचा.

ओढ्याच्या वळणावर गलका थांबला. वहाणांचा आवाज माझ्यामागे जवळ आला आणि मामंजी अगदी हळू म्हणाले, "पोरी, थांब जरा. मी बी धरतो."

मी लगेच वळले आणि डाव्या बैलाचा कासरा त्यांच्या हातात दिला.