शीड दिसल्याशिवाय भांडं नाही

एका ठिकाणी वर्षानुवर्षं जेवलं, की काय खाल्लं ते विसरायला होतं. सोबत बसलेली माणसं काय बोलली ते मात्र साठत राहतं. रेवदंड्याच्या जनावहिनीच्या खानावळीतलं असं बरंच माझ्याजवळ साठलंय. स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. मी वाडीतले नारळ बैलगाडीने बंदरावर पोचवायचो आणि दुपारी तिच्याकडे जेवायचो.

खानावळ म्हणजे तिच्या घराची ओटी. समोर खाडीचं तोंड. तिचा नवरा, पांडू नाखवा, पहाटे होडी घेऊन जायचा. तो आणील ते ती रांधायची. भात आणि वाटण तयार असायचं, पण कालवणाचं भांडं चुलीवर चढायचं ते नाखव्याचं शीड दिसल्यावरच. शिडाला तिनेच लावलेलं तांबडं ठिगळ होतं, लांबून ओळखू यायचं. होडी लागेपर्यंत रस्सा उकळलेला असायचा. मासा थेट त्यात.

*

एकदा मुंबईचे एक साहेब लाँचमधून उतरून जेवायला आले.

"आज काय काय आहे?"

"ते अजून पाण्यात हाय," वहिनी म्हणाली.

साहेब हसले. बराच वेळ गेला, तसे कुरकुरायला लागले. "बाई, अजून किती टाईम?"

वहिनी कपाळाला हात लावून समुद्राकडे बघत होती. मान न वळवता म्हणाली, "मी बी तेच इचारते."



*

इसाजी तेली माझ्यासारखाच रोजचा. जातीचा ज्यू, शनिवारी त्याचा घाणा बंद. बायको वारलेली, म्हणून इथं जेवायचा. बिनखवल्याचा मासा त्यांच्यात चालत नाही. कोळंबी नाही, शिंगाळा नाही. वहिनीने त्याच्यासाठी भांडंसुद्धा निराळं ठेवलं होतं. तरी पाटावर बसला की रोज विचारायचा, "वयनी, खवले हाय का?"

शेवटी ती कंटाळली. केळीच्या पानाच्या तुकड्यावर माशाचे खवले घेऊन त्याच्या ताटाशेजारी ठेवायला लागली. इसाजी आधी ते निरखायचा, मग घास घ्यायचा.

मी म्हटलं, "इसाजी, वहिनीवर भरवसा नाही का तुझा?"

"वयनीवर हाय रं. माशावर न्हाय."

*

नाखव्याला उशीर झाला की वहिनी दहा वेळा ओटीवरून आत जायची आणि दहा वेळा बाहेर यायची. पायरीवर बसलेले आम्ही पाय आखडून घ्यायचो. नाखवा आला की विचारायचा, "घाबरलीस काय?"

"मी कशाला घाबरू? भात गार झाला म्हून बघत व्हते."

भात चुलीच्या वैलावर, शेजारच्या धगीला ठेवलेला असायचा. वाफ आम्हाला दिसत असायची.

*

एका दुपारी इसाजीला भूक आवरेना. "आलं, आलं शीड," तो ओरडला. वहिनीने घाईने भांडं चढवलं, फोडणी दिली. शीड जवळ आलं. ठिगळ नव्हतं, होडी दुसऱ्याची होती.

वहिनी रागावली नाही. भांडं उतरवलं आणि सगळं उकिरड्यावर ओतून आली. मग म्हणाली, "लगीन झाल्या सालाला मी असंच आधी भांडं चढवलं व्हतं. त्या दिशी माजा दीर दर्यावरनं आला न्हाय."

नाखवा तासाभराने आला. तोवर इसाजी उभाच होता. त्यानंतर तो समुद्राकडे पाठ करून बसायला लागला. म्हणायचा, "माजे डोळे भुकेले हायत. ते काय बी बघतात."

*

पावसाळ्याआधीचे दिवस होते. सकाळीच वारा उलटला. दुपारपर्यंत सगळ्या होड्या आल्या, नाखव्याची तेवढी नाही. आम्ही बसून राहिलो. ऊन उतरलं तरी जेवणाचं कुणी विचारलं नाही आणि घरी जायला कुणी उठलं नाही. इसाजीसुद्धा त्या दिवशी समुद्राकडे तोंड करून बसला होता.

वहिनी एकदम ओटीवरून आत गेली. चूल फुंकली आणि भांडं चढवलं. वाटण तेलात पडल्याचा आवाज आला.

इसाजी हळूच म्हणाला, "वयनी, शीड न्हाय दिसलं."

"मला दिसलं."

आम्ही सगळ्यांनी समुद्राकडे बघितलं. पाणी नुसतं काळं दिसत होतं. त्यावर काही नव्हतं. आत रस्सा उकळायला लागला.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. पांडू नाखवा आत आला. अंगावरचे कपडे अंगावरच वाळलेले, हातात एक रावस. होडी नागावच्या किनाऱ्याला फेकली गेली होती, तिथून तो वाडीवाडीने चालत आला होता.

त्याने चुलीकडे बघितलं. "भांडं चढवलंस? कशाच्या भरवशावर?"

"शीड दिसलं तिला," मी म्हटलं.

"शीड?" नाखवा म्हणाला. "ते तर सकाळीच फाटून दर्यात गेलं."

वहिनीने त्याच्या हातातून रावस घेतला, धुतला, खवले काढले. केळीच्या पानावर घेऊन इसाजीपुढे ठेवले.

"बघून घे," ती म्हणाली.

इसाजीने पान बाजूला सारलं.

"वाढ, वयनी."