होटगी रस्त्याचे विमानअप्पा

होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला कुणी 'माळ' म्हटलं, की विमानअप्पांचा चेहरा सोयरिकीत अपमान झाल्यासारखा व्हायचा. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत तिथं आठवड्याला एखादं छोटं विमान उतरायचं आणि शेळ्या मात्र रोज यायच्या. अप्पा तिथले चौकीदार. "आमचं विमानतळ लई गर्दीचं हाय," असं ते सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं. मी बांधकाम खात्यात कारकून होतो. नोंदी तपासायला जायचो.

शेळ्यांना ते कानडीत हाकलत, साहेबांशी मराठीत बोलत. दोघांत शेळ्या जास्त ऐकतात, असा त्यांचा अनुभव होता. सकाळ-संध्याकाळ अख्खी धावपट्टी पायी चालून ते खडे वेचायचे. स्वतः कधी विमानात बसले नव्हते. एका वैमानिकानं चक्कर मारून आणतो म्हटलं, तर म्हणाले, "मी वर गेलो तर खाली कोन बघनार?"

एकदा मंत्री यायचे होते. बाजूला धूळ फार, म्हणून स्वागताच्या गाड्या आणि खुर्च्या थेट धावपट्टीवरच मांडल्या होत्या. अप्पांनी हरकत घेतली. मंत्र्यांना दोन तास उशीर आहे, तोवर कोण येतंय, असं म्हणून आमच्या खात्याच्या साहेबांनी त्यांना गप्प केलं.

अर्ध्या तासात मोहोळच्या बाजूनं आवाज आला. पिकांवर औषध फवारणारं लहानसं विमान होतं. इंजिन खोकत होतं आणि ते फार खाली आलं होतं. अप्पांनी कुणाला विचारलं नाही. काठीनं गाड्यांच्या टपांवर बडवत, आयुष्यात प्रथमच बड्या माणसांना कानडीत हाकलत ते धावले. खुर्च्या उडाल्या, हार तुडवले गेले. साहेबांच्या गाडीचा ड्रायव्हर सापडेना, तेव्हा अप्पांनी बँडवाल्यांना हाताशी धरून ती ढकलत बाहेर काढली. ती बाजूला होते न होते तोच विमान टेकलं. वैमानिक उतरला आणि तिथंच मातीत बसला.

मंत्री आलेच नाहीत. तरीही पाहुण्यांना अपशब्द वापरल्याबद्दल आणि सरकारी वाहनावर काठी मारल्याबद्दल अप्पांची बदली बार्शीच्या विश्रामगृहावर झाली. हुकूम मीच टाइप केला. त्याच टपालात वैमानिकाचं आभाराचं इंग्रजी पत्र होतं, 'विमानतळ प्रमुख' यांच्या नावे. साहेबांनी ते चौकटीत घालून खोलीत लावलं.

मी त्या पत्राची नक्कल करून एस.टी. स्टँडवर गेलो. अप्पा वळकटीवर बसले होते. मराठी करत त्यांना वाचून दाखवलं. हुकूम टाइप केल्याचंही सांगून टाकलं. ते त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि एकच ओळ पुन्हा वाचायला लावली. मी वाचली : 'मी उतरलो तेव्हा धावपट्टी मोकळी होती.'

"मोकळी व्हती, असं लिवलंय न्हवं?" अप्पा म्हणाले. "मग झालं की."

आणि बार्शीच्या गाडीत जागा धरायला उठले.