जबड्याचा फोटो

बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीकडच्या आमच्या गावात विहिरींना पाणी नव्हतं आणि घरात ज्वारी नव्हती. आईवडील सरकारी कामावर खडी फोडत. तिथं मिळणाऱ्या सुकडीवर आमचे दिवस चालले होते. त्याच साली मी बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो.

पुढच्याच महिन्यात कामावर शेजारच्याचा घण दगडावरून उसळला आणि त्याचा दांडा वडिलांच्या जबड्यावर बसला. गावात हळद भरून फडकं बांधलं. चार दिवसांनीही दातावर दात बसेना, तेव्हा मी त्यांना एस.टी.नं नगरला आणलं. डॉक्टर म्हणाले, हाड कुठं मोडलंय ते फोटोत दिसलं तर तारेनं दात बांधता येतील. नाहीतर जबडा वाकडाच सांधेल.

एक्स-रेवाल्यानं वडिलांना आडवं करून गाल प्लेटवर टेकवला, आडोशामागं गेला आणि ओरडला, "हलू नका."

"न्हाई हलत, सायेब," वडील म्हणाले. नेमकं तेव्हाच बटण दाबलं गेलं.

फिल्म धुऊन आली तर एकाचे दोन जबडे. दुसऱ्या खेपेला त्यानं बजावलं की बोलायचंसुद्धा नाही. वडील म्हणाले, "बरं, सायेब." पुन्हा तेच.

मी रागावलो, तर त्यांनी मलाच सुनावलं. "आरं, मोठा मानूस सांगतोय, तर व्हय तरी म्हनावं का न्हाई? कालेजात काय शिकलास मग?"

फिल्म एकच उरली होती. ती बिघडली तर पुण्याला जा, असं एक्स-रेवाल्यानं सांगून टाकलं. किरणांची गणितं मी कॉलेजात सोडवली होती, पण इथं कामाला आलं ते वडिलांचा स्वभाव माहीत असणं. मी म्हणालो, "साहेब, या वेळी तुम्ही काही सांगूच नका."

त्याला ते रुचलं नाही, तरी गुपचूप आडोशाला गेला. वडील हुकमाची वाट बघत निपचित पडून राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "सायेब, कवा काढताय?"

"काढला, बाबा," एक्स-रेवाला आडोशामागून म्हणाला.

डाव्या बाजूची भेग केसाएवढी, पण स्वच्छ दिसत होती. वडिलांनी फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, "बैलाच्या जबड्यावानीच हाय की."

दात तारेनं बांधले. सहा आठवडे वडील पेजेवर राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बंद तोंडानंच हुंकार देत राहिले. तार काढली तेव्हा जबडा सरळ सांधला होता.