काजितानींच्या दारातल्या अकरा पाट्या

सरकारी विद्यापीठ डोंगरापलीकडे गेलं आणि आमची गल्ली बसली. आधी सार्वजनिक न्हाणी बंद पडली, मग जुन्या पुस्तकांचं दुकान, मग न्हावी. पोरं होती तेव्हा त्यांच्या गोंगाटाला आम्ही शिव्या घालायचो. मिजास होती नुसती! शेवटी उरलो मी, म्हणजे तोगावा तांदूळवाला, आणि समोर इत्सुको काजितानी.

इत्सुकोबाईंनी चाळीस वर्षं अकरा-अकरा विद्यार्थी जेवूखाऊ घालून ठेवले. दारात एक फळी, तिच्यावर प्रत्येकाच्या नावाची लाकडी पाटी. काळी अक्षरं म्हणजे पोरगा घरात, उलटी बाजू लाल, म्हणजे बाहेर. जाता-येता पाटी उलटायची. विसरला तर त्या दिवशी जेवण बंद. आणि एक जरी पोरगा घरात असला, तरी बाई उंबरा ओलांडत नसत.

शेवटचा पोरगा गेला त्या दिवशी अकराही पाट्या लाल झाल्या. बाईंचा मुलगा नोरिओ त्यांना ओसाकाला न्यायला आला होता. मी तांदळाचा रिकामा डबा न्यायला गेलो. बाई आत गाठोडं बांधत होत्या. त्या गेल्या की माझंही दुकान संपलं, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी घाबरलो, आणि हळूच नाबेशिमा नावाची पाटी काळी केली.

बाई बाहेर आल्या, फळीकडे पाहून थबकल्या.

"अगंबाई, नाबेशिमा घरातच आहे की!"

"आई, तो सकाळीच गेला. पाटी उलटायला विसरला असेल," नोरिओ म्हणाला.

"चाळीस वर्षांत कुणी विसरलंय? त्याला उपाशी ठेवून मी कशी येऊ? तांदूळवाले, डबा ठेवा खाली!"

नोरिओ तणतणत एकटाच परत गेला. खरं सांगायला तोंड उघडलं नाही माझं. लाज वाटते आजही.

पुढच्या आठवड्यात तीन पाट्या काळ्या होत्या. त्यांना मी हात लावला नव्हता. महिनाभरात सात झाल्या. बाई तेवढ्यांचा तांदूळ मागायच्या, आणि पुढच्या वेळी डबा खरोखर रिकामा असायचा.

"एवढा भात खातं कोण, बाई?"

"वाढत्या वयाची पोरं आहेत, तांदूळवाले. तुम्हीसुद्धा रोज येता. तुमचीही पाटी करू का?"

"गप बसा हो! मला माझं घर आहे," मी खेकसलो.

थंडीत बाई गेल्या. चुलीपाशी, एकट्या. ओसाकाला असत्या तर कुणी हाक तरी ऐकली असती.

अंत्यविधी आटोपल्यावर नोरिओने मला किल्ली दिली. "तुमचा डबा घेऊन जा. उद्या घर पाडताहेत."

मी भर दुपारी गेलो. दारातल्या अकराही पाट्या काळ्या होत्या. शेजारी बारावी, कोऱ्या लाकडाची. तिच्यावर बाईंच्या वळणदार अक्षरात लाल रंगात लिहिलं होतं, 'तोगावा'.

आतून ताज्या भाताचा वास येत होता. कुणीतरी वाट्या मांडत होतं. पळून जावं असं वाटत होतं, पण त्या घराचा नियम मलाही चाळीस वर्षं पाठ होता.

मी जोडे काढले आणि माझी पाटी उलटली.